चालणारी रेघ

डागताईच्या हाताखालून गेलेला माणूस दहा वर्षांनी तरुण होऊन निघायचा, आणि तेही कुठे खुपलं-दुखलं नाही! त्या काळी फोटो काचेवर निघत. काचेच्या एका अंगाला रासायनिक मसाल्याचा पातळ थर असे आणि त्यावर माणूस उलटा उमटे, म्हणजे गोरा तो काळा आणि काळा तो गोरा. तिला प्लेट म्हणत. स्टुडिओच्या माडीवर उत्तरेच्या खिडकीशी डागताईचं उतरतं मेज होतं. मेजाच्या मधोमध चौकोनी भोक, भोकावर दुधी काच, खाली आरसा. खिडकीतला उजेड आरशावर पडून खालून वर यायचा आणि प्लेटमधला माणूस पेटल्यासारखा उजळायचा. मग डागताई डोळ्याला भिंग लावायची. मुरमं, सुरकुत्या टोकदार पेन्सिलीने भरून टाकायची. नको तिथे काळा ठिपका पडला असेल तर सुईसारख्या सुरीने श्वास रोखून खरवडायची. खरवडलेलं सरळ बघून कुणाच्या बापाला कळायचं नाही. प्लेट तिरपी धरली, उजेड कडेने घेतला, तरच तिथे थोडासा मंद पट्टा दिसे.

तिला नाव होतं की. आईबापांनी हौसेने ठेवलेलं. पण ते आता फक्त धाकट्या बहिणीला ठाऊक, आणि तीसुद्धा ताईच म्हणायची.

माणसं काय काय मागायची तिच्याकडे! एक पैलवान आला, म्हणाला, "नाक सरळ करा, पण मोडलेलं आहे हे दिसलं पाहिजे." आता हे कसं करायचं? तिने केलं. एका सासूने सुनेसकट फोटो काढवला आणि हळूच येऊन सांगितलं, "तिचा एक डाग राहू द्या हो, एवढी काही ती देखणी नाही." यावर स्टुडिओचे मालक आठवडाभर हसत होते.

आणि एकदा एक बाई आली. नवरा गेल्यावर घाईघाईने काढलेला त्याचा फोटो, आयुष्यातला पहिला आणि शेवटचा. तिचं मागणं एकच, डोळे उघडून द्या. डागताईने मिटल्या पापण्यांवर बुबुळं काढली, त्यात खिडकीचा उजेडसुद्धा चमकवला. बाईने फोटो हातात घेतला, बराच वेळ पाहिला, परत मेजावर ठेवला आणि म्हणाली, "हे मला ओळखत नाहीत." तशीच जिना उतरून गेली. तो फोटो तिथेच राहिला. मालकांनी तो कपाटात भिंतीकडे तोंड करून ठेवला, कारण कपाट उघडलं की तो बघतोय असं वाटायचं. आता वाटायचं की बघायचा, ते देव जाणे.

तर अशा या माडीवर आभाळ आलं.

टेकडीवर वेधशाळा होती. तिथल्या अंधाऱ्या खोलीचं छत गळायला लागलं, तेव्हा तिथले एक दुर्बीणवाले गृहस्थ आपल्या प्लेटा धुवायला स्टुडिओत आणू लागले. हा माणूस म्हणजे काडी. बारा महिने गळ्याला मफलर, आणि प्लेटांची पेटी घोंगडीत गुंडाळून तान्ह्या पोरासारखी छातीशी धरलेली. मालकांना दमा. औषधांचा वास नाकात गेला की छातीतून शिट्टी वाजायची. म्हणून आभाळाच्या प्लेटा अंधाऱ्या खोलीत धुवायचं कामही डागताईकडेच आलं. मालकांनी बजावलं, "सरकारी काम आहे. प्लेट स्वच्छ गेली पाहिजे. आरशासारखी!"

धुतलेली पहिली प्लेट तिने मेजावर ठेवली आणि खालून उजेड घेतला. पांढऱ्या काचेवर हजारो काळे ठिपके. हे तारे, एवढं तिला माहीत होतं. चेहरा नाही, डोळे नाहीत. बरं वाटलं तिला. चला, कुणीतरी न बघणारं आलं.

डाव्या कोपऱ्याच्या जरा आत मात्र एक रेघ होती. पापणीचा तुटका केस पडावा एवढीच. तिने फुंकर मारली, जाईना. मसाल्यातच होती.

मालकांनी भिंग लावून पाहिलं. "नख लागलं तुमचं. न धुतलेल्या प्लेटला नख घासलं की असंच काळं उमटतं, मी काय आज बघतोय?"

"मी कडेने धरते, मालक."

"मग काय ताऱ्याला शेपूट फुटलं? बाई, हात चळायला लागला तुमचा. परत अशी रेघ दिसली, तर तुम्ही दुसरी खिडकी शोधा. वेधशाळेपुढे नाचक्की मला परवडायची नाही."

धाकटी कामाला जायची तो साबणाचा कारखाना नुकताच बंद पडला होता. दोघींचं घर त्या उत्तरेच्या खिडकीवर उभं होतं. आणि हात गेला म्हटल्यावर रिटचिंग करणाऱ्या बाईला दुसरी खिडकी देतो कोण? डागताईने ती रेघ खरवडून काढली, इतकी सफाईने की मालकांनीही "वा" म्हटलं. घरी जाऊन नखं अशी मुळापासून कापली की रक्त आलं.

पुढच्या खेपेला त्याच आभाळाची दुसरी प्लेट आली. रेघ होतीच. तशीच, तेवढीच, फक्त थोडी सरकलेली.

डागताईने जिन्याकडे पाहिलं आणि सुरी उचलली. मालकांना सांगितलं नाही.

तिसऱ्या खेपेला तिने बोटांना चिंध्या बांधून प्लेट धुतली. लाल दिव्याखाली ताटातलं औषध डोलत होतं, एकेक तारा काळा होऊन वर येत होता, आणि त्यांच्यामागून, उशिरा आलेल्या पाहुण्यासारखी, ती आली. आणखी पुढे सरकून. डागताईच्या अंगावर सरसरून काटा आला. ओरखडा असता तर तो वेड्यावाकड्या जागी पडला असता. ही तर एका दिशेने चालत होती. आपण पुसतो आणि ती पुढचं पाऊल टाकते. जणू आपण पुसलं हे तिला कळलंच नाही, किंवा कळून पर्वा नाही.

घरी गप्प बसली, तर धाकटी सोडते होय? "ताई, भाजी जळली बघ. लक्ष कुठंय?"

"अगं, पुसलेली गोष्ट परत येते का?"

"येते की. तू नकार दिलेला तो मागचा स्थळवाला तीनदा आला होता." मग ताईचा चेहरा पाहून तिचं हसू गेलं. सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "मालकांना सांगून टाक."

"सांगितलं की खिडकी गेली."

"मग पूस, आणि गप्प बस."

चौथीही तिने पुसली. पण आता भिंग लावलं की कुणाच्याही कपाळावर, गालावर तिला आधी रेघच दिसायची. पापणी मिटली तरी आतून दिसायची. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, हिच्या मनात तर अख्खं आभाळ शिरलं होतं.

एके दिवशी भर दुपारी दुर्बीणवाले माडीवर आले. चारही प्लेटा बरोबर आणल्या होत्या. खुर्चीत बसले ते मटकन. "मालक, काम थांबतंय आमचं. एक शेवटची प्लेट आहे, ती धुवा. मग दुर्बीण दुसऱ्यांना देणार."

"का हो? प्लेटा तर स्वच्छ जातात ना?" मालक छाती फुगवून म्हणाले.

"स्वच्छच आहेत. तेच तर. एक लघुग्रह शोधत होतो. फार पूर्वी कुणालातरी दिसला होता, मग हरवला. माझ्या गणिताने याच तुकड्यात असायला हवा. कशातच नाही."

"लघुग्रह म्हणजे तो पडतो तो? उल्का?" मालकांनी विचारलं.

"नाही हो. उल्का म्हणजे हवेत शिरून जळणारा खडा. लघुग्रह दगडच, कुणी धातूचा, पण सूर्याभोवती आपापल्या वाटेने फिरणारा. ग्रह घडले तेव्हाचा उरलेला माल समजा. मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये मोठा पट्टा आहे त्यांचा. कुणी घराएवढा, कुणी डोंगराएवढा, एखादा देशाएवढा. गुरू एवढा दांडगा शेजारी, त्याच्या ओढीने त्यांचा एकजीव ग्रह झालाच नाही. आणि सगळे गोळा केले तरी आपल्या चंद्राची बरोबरी व्हायची नाही."

"म्हणजे तिकडे दगडांची खेचाखेच असेल!"

"छे! एका दगडावर उभं राहिलात तर दुसरा डोळ्याला दिसणार नाही. मध्ये लाखो कोस काळोख. काही गुरूच्याच वाटेवर आहेत, त्याच्या पुढे एक टोळी, मागे एक टोळी. आणि थोडे असे की भटकत आपल्या पृथ्वीच्या वाटेपर्यंत येतात."

डागताई मेजाशी पाठमोरी बसली होती. तिने वळून न बघताच विचारलं, "तो दिसतो कसा?"

"दुर्बीण ताऱ्यांच्या चालीने फिरवतो आम्ही, म्हणून तारे ठिपके येतात. लघुग्रह स्वतः चालतो, म्हणून प्लेट उघडी असेपर्यंत तो रेघ ओढतो. लहानशी. पापणीच्या केसाएवढी."

खाली रस्त्यावर कुणीतरी हातगाडी ओढत होतं, तिचं चाक कुरकुरत गेलं. डागताईची पाचावर धारण बसली. "आणि तुमचा हा... हा इकडे येणारा आहे का?"

"बहुतेक नाही. पण खात्रीने सांगायला त्याच्या जागा हव्यात. चार जागा मिळाल्या की वाट काढता येते."

चार! गप्प बसली असती तर बसली असती. दुर्बीणवाले उठून गेले असते, आणि उत्तरेची खिडकी जन्मभर तिचीच होती. पण बाहेर, त्या लाखो कोस काळोखात, कुणीतरी चालत होतं, आणि त्याची पावलं पुसणारी ही एकटी. हे ओझं घेऊन रोज त्या खुर्चीत बसायचं? तिने पहिली प्लेट उचलली, खिडकीशी तिरपी धरली आणि म्हणाली, "इथे बघा. कडेने."

दुर्बीणवाल्यांनी पाहिलं. मंद पट्टा. दुसरी प्लेट, तिसरी, चौथी. मफलर सुटून खांद्यावर आला तरी त्यांना भान नव्हतं. मग एकदम तोंड लाल झालं. "बाई, तुम्ही आभाळ साफ केलंत? कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

मालक मधेच बोलले. "पाहिलंत? स्वतःची नखं लागली, ती लपवायला खरवडलं, आणि आता ग्रहाचं नाव पुढे करतेय. नाचता येईना..."

"मालक, नखं ही बघा." तिने बोटं पुढे केली. टोकांना अजून खपल्या होत्या.

दुर्बीणवाले तोवर खिशातली पट्टी काढून मोजायला बसले होते. पुसलेल्या जागा नेमक्या मिळत नव्हत्या, चरफडत होते, पण चारही ठिपके कागदावर मांडल्यावर ते एका हलक्या वळणात पडले. त्याच वळणावर पुढे त्यांनी एक फुली मारली. "रेघ खरी असेल तर या शेवटच्या प्लेटवर इथे यायला हवी."

"आणि नाही आली तर?" मालकांनी विचारलं.

"तर तुम्ही म्हणता ते खरं."

"मग मी स्वतः धुतो! आली नाही, तर बाई, आजच सामान आवरायचं."

"आवरते," डागताई म्हणाली.

तिघे अंधाऱ्या खोलीत शिरले. बाहेर दुपार लखलखत होती आणि आत दार लागताच काळ कुठला ते कळेना. लाल दिवा लागला. लाल उजेडात माणसाच्या तोंडावर एकही डाग दिसत नाही, सुरकुती नाही, तीळ नाही. मालक, दुर्बीणवाले, सगळेच गुळगुळीत. ओळखीच्या कपड्यांत परकी माणसं उभी असावीत तसे. मालकांनी दोन बोटांनी काठ धरून प्लेट औषधात सोडली. छातीतली शिट्टी सुरू झाली. दुसरा आवाज नव्हता.

ताट डोलू लागलं. काचेवर काही नव्हतं. मग ठळक तारे आले. मग बारीक, मग धुळीसारखे. फुलीच्या जागी कोरं होतं. डागताईने ओठ चावला. डोळ्यांपुढे धाकटीचा चेहरा, रिकामं मेज. मालक म्हणाले, "झालं. काढतो आता."

"थांबा," दुर्बीणवाले कुजबुजले. "ती उशिरा येते."

हे तुम्हाला कसं ठाऊक, असं विचारायचं डागताईच्या मनात आलं, आणि तेवढ्यात ती आली. पाण्याखाली कुणी न दिसणाऱ्या हाताने ओढावी तशी, एक पुसट, मग काळी, मग चांगली काळी रेघ. फुलीच्या जागेला जरा सोडून, पण त्याच वळणावर. कुणाचा हात काचेजवळ नव्हता.

मालकांनी ताट सोडलं आणि दोन पावलं मागे भिंतीला टेकले. बोटं डोळ्यांशी नेऊन नखं बघू लागले, पुढून, मागून.

"माझं नाही हं लागलं. तुम्ही दोघं बघत होतात."

"बघत होतो," दुर्बीणवाले म्हणाले. ते ताटावर इतके वाकले होते की मफलरचं टोक औषधात बुडालं होतं.

"पण मालक," डागताई म्हणाली, "नखं वाढलीत खरी तुमची."

कुणी हसलं नाही. मालकांना खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर ते भिंतीकडे बघत म्हणाले, "मला नाही सोसत हा वास. हे घ्या तुम्ही. पुढच्याही तुम्हीच धुवा. तुमचं मेज आहे तिथेच राहील. आणि सुरी लावायची नाही, सांगून ठेवतो!"

डागताईने पुढे होऊन ताट दोन्ही हातांनी धरलं. लय एकदाही चुकली नाही. ती हलकेच डोलवत राहिली, रेघ आणखी काळी होत गेली, आणि बाहेर जायची घाई तिघांपैकी कुणालाच झाली नाही.