दारव्ह्याला न उतरणारा माणूस

सत्यभामाचा नवरा उकंडा दारू पीत नव्हता, पत्ते कुटत नव्हता, बायकोवर हात उगारत नव्हता. लोणखेडीच्या बौद्धपुऱ्यात एवढ्यावर बायका एखाद्या पुरुषाला सोन्याचा ठरवून मोकळ्या होत. सत्यभामाचा मात्र त्याच्यावर भरवसा नव्हता. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षापासूनच नव्हता, आणि त्याला कारण होतं दारव्हा.

लोणखेडीहून दारव्हा जवळ, दिग्रस लांब. सारं गाव आठवडी बाजाराला दारव्ह्याला जाई. उकंडा एकटा दिग्रसला जाई. काहून म्हणून विचारलं तर म्हणे, "तिकडं मिरची चांगली भेटते." सत्यभामाची आई यवतमाळच्या दवाखान्यात होती तेव्हा दोघं एसटीनं निघाले. गाडी दारव्ह्याच्या स्टँडवर लागली तसा उकंडानं डोक्यावरचा दुपट्टा तोंडावर ओढला आणि झोपेचं सोंग घेतलं. गाडी हलेपर्यंत त्याच्या गळ्याची घाटी वरखाली होत होती. झोपलेल्या माणसाची होत नाही. सत्यभामानं ते पाहिलं. या स्टँडवर कोणीतरी याला ओळखणारं आहे, एवढं तिनं मनाशी धरलं.

लग्नाआधी तो दारव्ह्याच्या पलीकडं सदाशिवराव पाटलांकडं सालदार होता, हे तिला माहीत होतं. तिथंच काहीतरी झालं असणार. म्हणजे बाई. दुसरं काय असतं? तिच्यासोबत वेचणीला येणारी तांड्यावरची मानीबाई कापूस ओटीत टाकता टाकता एकदा म्हणाली होती, "माणूस ज्या गावाचं नाव टाळते, त्या गावात त्याचं काही ना काही असतेच, बाई." तेव्हापासून सत्यभामा त्याचे खिसे पाही. सदऱ्याला वास येतो का पाही. कधीच काही सापडलं नाही, त्यानं तर तिचा संशय आणखीच वाढला. काहीच सापडू देत नाही तो माणूस किती पक्का असेल!

पुढं कापसाचा भाव पडला आणि गावोगाव वाईट बातम्या येऊ लागल्या, ती सालं आली. त्या सालांत खेड्यात सरकारी गाड्या फार येत. कोणी सर्व्हे करायला, कोणी नुसतं पाहून जायला, कोणी घरोघर नावं विचारायला. गाडीची धूळ दिसली की लोक चावडीकडं जमत, काही मदत मिळेल म्हणून. उकंडा त्याच वेळी टमरेल उचलून नाल्याकडं जाई आणि गाडी गेल्यावरच परत येई. एकदा सर्व्हेवाल्या पोरीनं दारात उभं राहून विचारलं, "घरमालक कुठं आहेत?" सत्यभामानं नाल्याकडं बोट दाखवलं. पोरीनं थोडा वेळ वाट पाहिली. शेवटी तिनं सत्यभामाचंच नाव लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी गावात कुजबुज सुरू झाली की उकंडा साहेबांना आतून खबरा पुरवतो, म्हणून चारचौघांत त्यांच्या समोर येत नाही. सत्यभामाला हसूही आलं आणि रागही. लोकांना तिच्याइतकाही पत्ता नव्हता.

तेव्हाच थोरल्या मोनालीला स्थळ आलं. पोरगा एसटीच्या वर्कशॉपमध्ये, घरचं पक्कं घर, आईबाप बोलायला साधे. एकच गोष्ट होती, ते दारव्ह्याचे होते.

"दारव्ह्यात पोरगी द्याची नाई," उकंडा म्हणाला.

"काहून?"

"नाई म्हणजे नाई."

"पोरात काही खोड हाये का?"

"पोरगा चांगला असन."

"मंग?"

उकंडा उठला, चपला घातल्या आणि बाहेर गेला. चुलीपुढं बसलेल्या मोनालीनं मान वर केली नाही. पोरीचं लग्नही त्या बाईपायी मोडणार, हे सत्यभामाला सहन होईना. सकाळी वेचणीला जाते म्हणून ती निघाली, फाट्यावर आली आणि दारव्ह्याच्या काळीपिवळी जीपमध्ये बसली.

दारव्ह्याहून पुढच्या गावात सदाशिवरावांचं घर सापडायला वेळ लागला नाही. सदाशिवराव वारले होते. त्यांच्या बायको बेबीताई ओसरीवर तुरी पाखडत होत्या. कपाळ रिकामं, हात अजून चपळ. सत्यभामानं आपलं नाव सांगितलं, नवऱ्याचं सांगितलं. बेबीताईंचं सूप थांबलं.

"उकंडा? जिता हाये तो?"

"हाये."

"इथं पोलीस येऊन गेले ना त्याच्यासाठी दोनतीन खेपा. वारंट होतं त्याच्या नावाचं. आमी म्हटलं, आमाले काय माहीत कुठं गेला."

सत्यभामाचं वारंटकडं लक्षच गेलं नाही. तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती. "पाटलीनबाई, कोण होती ती? नाव सांगा. मी भांडायले नाई आली."

"कोण होती म्हणजे?"

"बाई."

"कायची बाई व? पंपाची चोरी होती त्याच्यावर. फवाऱ्याचा पंप. पितळी."

सत्यभामा ओसरीच्या पायरीवर बसली. इतकी वर्षं तिनं त्या बाईचा रंग, उंची, कपाळावरची टिकली, सारं मनात रंगवून ठेवलं होतं. तिच्या जागी आता पंप उभा राहिला. नवरा बाईवाला नाही तर चोर आहे, यातलं बरं कोणतं हे तिला ठरवता येईना.

बेबीताईंनी तिला पाणी दिलं. मग गुरांच्या कोठ्यात नेलं. कडब्याच्या मागून त्यांनी एक पोतं ओढून काढलं आणि उघडलं. आत पंप होता. हिरवा पडलेला, पट्टे कुजलेले, नळी गेलेली.

"चोरी नव्हतीच," बेबीताई म्हणाल्या. "मांगच्या दुष्काळात विहीर आटली. गाळ काढाले माणसं लावली, तवा हा निंगाला. आमच्या मालकायनं पाह्यला. काही बोलले नाईत. घरात आणून ठेवला अन् जेवायले बसले."

"मंग पोलिसायले सांगतलं नाई?"

"आमच्याच घरून कागद गेलता चोरीचा. तो खोटा होता म्हणून सांगायले कोन जाते?"

सत्यभामानं त्यांच्याकडं रोखून पाहिलं. ही बाई हे आत्ताच का सांगते आहे? पंप इतकी वर्षं जपून का ठेवला? उकंडा कुठं राहतो ते तर हिला काढून घ्यायचं नाही? पोरगं पोलिसात आहे का हिचं? परतताना गावाचं नाव विचारल्यावर सत्यभामानं बेबीताईंना दुसऱ्याच गावाचं नाव सांगितलं.

घरी आली तेव्हा उकंडा अंगणात बाजेचा सुंभ ओढून बांधत होता. ती समोर उभी राहिली.

"पंप विहिरीत कसा गेला?"

उकंडाचा हात सुंभावरच राहिला. मग खाली पाहूनच सांगितलं. त्या दिवशी तो कपाशीवर फवारत होता. तोंडाला बांधायला फडकं मागितलं होतं, मिळालं नव्हतं. वारा उलटा फिरला. "डोळ्यापुढं अंधार आला. शुद्धीवर आलो तं तोंडाले फेस होता अन् मालक औषध सांडलं म्हणून शिव्या देऊन राह्यला होता. मी उठलो. चालत विहिरीवर गेलो. पंप पाठीवरून काढला अन् सोडला पाण्यात. मांगं फिरलो अन् बांधावर पुन्हा पडलो."

"मंग तसं पोलिसाले काहून नाई सांगतलं?"

"मुद्दाम बुडवला म्हटलं असतं तं मारून टाकलं असतं. चोरला म्हणत होते, तं म्हणू देल्लं. दोन थापडा बसल्या. बापानं जामीन देल्ला. कागदावर पत्ता मालकाच्या घरचाच होता."

"अन् तारखा?"

"दोन केल्या." तो थांबला. "तिसरी तारीख होती ना, त्या दिवशी आपलं लग्न होतं."

ऐन लग्नाच्या दिवशी याचं लक्ष दुसरीकडं होतं, हे तिला तेव्हाही जाणवलं होतं. दारव्ह्याचा संशय पुढं आला, पण त्याचं मूळ तिथंच होतं.

दारव्ह्याच्या कोर्टात संघर्ष नावाचा एक तरुण वकील होता. तिच्या माहेरच्या विहारात कधीमधी भाषणाला येई. ती त्याला भेटली. त्यानं चार दिवसांत केसचा नंबर शोधून काढला.

"वारंट मरत नसते, मावशी," तो म्हणाला. "फाईल झोपते फक्त. काका उद्या कोण्याही नाक्यावर सापडले तर सरळ आत जातील. त्यापेक्षा स्वतः हजर होऊ. साधी गोष्ट म्हणजे गुन्हा कबूल करायचा. इतकी जुनी केस आहे, कोर्ट उठेपर्यंत बसवून ठेवतील, थोडा दंड करतील. त्याच दिवशी मोकळे."

सत्यभामाला ते पटलं. तिनं घरी येऊन सांगितलं, "कबूल करा अन् संपवा."

वीस वर्षं गाडीची धूळ पाहून पळणारा उकंडा म्हणाला, "बुडवला, ते कबूल. चोरला म्हणनार नाई."

"तुमाले आता सुचून राह्यलं हे?"

"पोरीच्या लग्नात मी चोर म्हणून कायले उभा राहू?"

तिनं दोन दिवस भांडून पाहिलं. तो ऐकेना. खरं म्हणजे तिला अजूनही पक्की खात्री नव्हती. बेबीताईंनी दाखवलेला पंप तोच कशावरून? आणि हा सांगतो ते तरी सारं खरं कशावरून? पण चोरानं सोपी वाट सोडून लांबची धरली, हे तिनं कुठं पाहिलं नव्हतं.

हजर व्हायच्या दिवशी उकंडा काळीपिवळीतून दारव्ह्याला उतरला. दुपट्टा खांद्यावरच होता. खाकी कपड्यातला माणूस जवळून गेला की त्याचं अंग आखडे, एसटीचा कंडक्टर असला तरी. कोर्टात पुकारा झाला तेव्हा त्याला आपलं नाव ओळखू आलं नाही, संघर्षनं कोपर धरून पुढं नेलं. शिपायानं त्याला पिंजऱ्यात बसवलं. दुपारच्या सुट्टीनंतर न्यायाधीशांनी वारंट रद्द केलं, दंड केला आणि नवा जामीन मागितला. घर सत्यभामाच्या नावावर होतं. जामीनदार म्हणून तिनं सही केली. सही करताना तिच्या मनात आलं, हा आता पळाला तर आपण गेलो.

पळाला नाही. तारखांमागून तारखा झाल्या, प्रत्येकीला गेला. दारव्ह्याच्या सोयऱ्यांना दुसऱ्याच कोणी सांगण्याआधी सत्यभामानं स्वतः जाऊन सारं सांगितलं. पोराची आई म्हणाली, "निकाल लागू द्या, मंग पाहू." दिवाळीनंतर कळलं की त्यांनी पोराचं दुसरीकडं जमवलं. मोनाली रडली नाही, पण बापाशी महिनाभर बोलली नाही.

संघर्षला बेबीताईंची साक्ष हवी होती. सत्यभामा पुन्हा त्यांच्याकडं गेली. बेबीताईंचा पोरगा नयन दारातच म्हणाला, "आई कोर्टात येणार नाही. मेलेल्या माणसाला खोटं पाडायला लावता का?" तारीख तेवढी मोठ्यानं सांगून सत्यभामा परतली. रस्त्याभर तिला वाटत राहिलं, पंप आता भंगारात जाईल, आणि आपल्या दुसऱ्या खेपेनंच तो जाईल.

साक्षीच्या तारखेला कोर्टाच्या आवारात रिक्षा थांबली. बेबीताई एकट्या उतरल्या, काखेत पोतं. सत्यभामा धावत गेली नाही. आधी ती दुरूनच पाहत राहिली. बाई कोणत्या बाजूनं बोलणार, कोणास ठाऊक.

बेबीताईंनी शपथ घेतली. पंप टेबलावर ठेवला, त्याच्या तळातून सुकलेला गाळ सांडला. सरकारी वकिलानं विचारलं, "हा तोच पंप कशावरून?" बेबीताईंनी बुडाला कथलानं झाळून लावलेला डाग दाखवला. झाळणारा त्यांच्याच गावचा होता, काम त्यांच्यासमोर झालं होतं. न्यायाधीशांनी विचारलं, "तुम्ही आज का आलात?"

"त्या दिवशी याले बांधावरून उचलून आणलं तवा ताक मी पाजलं होतं साहेब," बेबीताई म्हणाल्या. "याची अवस्था मले माहीत होती. कागदावर दुसरंच लिहिलं गेलं."

पुढच्या तारखेला निकाल लागला. चोरी सिद्ध झाली नाही, आरोपी निर्दोष. उकंडानं हात जोडले आणि बराच वेळ जोडूनच ठेवले. संघर्ष म्हणाला, "चला काका, झालं."

दोघं स्टँडवर आले. गाडीला वेळ होता. सत्यभामानं विचारलं, "मले काहून नाई सांगतलं? एवढ्या वर्षांत?"

उकंडा समोरच्या गाड्यांकडं पाहत म्हणाला, "तुले वाटे माही इथं बाई हाये. मले माहीत होतं."

"माहीत होतं?"

"खिसे पाहत होती ना तू. बाईवाला म्हटलं तं बायको भांडते, पन घरात राहू देते. चोर म्हटलं तं पोरीले कोनी दारात उभं करत नाई."

सत्यभामाला असा राग आला की ती उठून दुसऱ्या बाकड्यावर जाऊन बसली. वीस वर्षं तिनं एका नसलेल्या बाईशी मनातल्या मनात भांडून काढली होती आणि हा ते मजेत पाहत होता. गाडी आली तेव्हाही ती पुढं बसली, तो मागं. घरी स्वयंपाक केला, वाढला, बोलली नाही. हे चार-आठ दिवस चाललं. मग एक दिवस ताटात भाजी वाढताना तीच म्हणाली, "मीठ पाहा, जास्त झालं का." त्यानं पाहिलं आणि ठीक आहे म्हटलं.

पुढच्या उन्हाळ्यात मोनालीला घाटंजीचं स्थळ आलं. पाहुणे ओसरीवर बसले, चहा झाला. सुपारी फुटायच्या आधी सत्यभामा म्हणाली, "एक गोष्ट सांगाची हाये. पोरीच्या बापावर चोरीची केस होती. सुटले." पोराच्या बापानं तिच्याकडं पाहिलं. मग त्यानं विचारलं, "काय चोरलं होतं?"

उकंडा दाराबाहेर उभा राहून ऐकत होता. तो आत आला, सतरंजीवर पाहुण्यांच्या समोर बसला आणि पहिल्यापासून सांगू लागला.