भर वाऱ्यातली पोपटी

पुतळीला कुणी "नको" म्हटलं की तिच्या अंगात चौघांचं बळ यायचं. ती खाडीकाठच्या मिठागरातून सून म्हणून गडब गावात आली. येताना बापाच्या आगरातलं जाडं मीठ आणि त्याहून खारट जीभ घेऊन आली, असं तिची सासू धोंडुबाई सगळ्यांना सांगायची. सांगताना हसायची, पण खोटं सांगत नव्हती.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की शेतात पोपटी लावायची, ही इकडची जुनी हौस. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर शेंगा, अंडी, ओवा, मीठ. तोंडाशी पुन्हा पाला कोंबायचा, मडकं जमिनीवर पालथं घालायचं आणि भोवती पेंढ्याकाटक्यांचा जाळ करायचा. हे काम बाप्यांचं. बायकांनी शेंगा तोडून द्यायच्या आणि उरलंसुरलं खायचं. पुतळीने मात्र आपल्या परसात मडकी लावली आणि गरम शेंगांची टोपली घेऊन हायवेवर बसली. मुंबईच्या गाड्या थांबायला लागल्या. गावातल्या बाप्यांच्या पोटात दुखायला तेवढं पुरेसं होतं.

मग एका संध्याकाळी वारा अचानक फिरला. जळता पेंढा उडाला आणि शेजारच्या हैबतरावांची पेंढ्याची उडवी भडकली. माणसं आणि ढोरं वाचली, वैरण गेली. सकाळी उठून पुतळीने आपल्या उडवीतला निम्मा पेंढा त्यांच्या गोठ्यात नेऊन टाकला. हैबतरावांनी तो ठेवून घेतला आणि देवळात बैठक बोलावली.

"बाईमानसाच्या हातात इस्तू दिला का असंच व्हनार," ते म्हणाले. "पोपटी बंद."

पुतळीचा नवरा काळुराम मान खाली घालून बसला होता. पुतळी उठून उभी राहिली.

"आग माझीच व्हती, मी नाय म्हनत नाय. पन ती बाईची व्हती म्हनून नाय उडाली, उघड्यावर व्हती म्हनून उडाली. मी तिला आडोसा बांधते. वारा पडल्यावर कुनी पन लावील. मी भर दुपारी लावीन, खारा वारा सुटल्यावर. एक ठिनगी भायेर आली तर परत मडक्याला हात लावनार नाय."

बैठकीत चुळबुळ झाली. दुपारी खाडीवरून येणारा तो वारा अंगणातली सुपं उडवून नेतो. त्या वेळी गावातली माणसं बिडीसुद्धा भिंतीआड जाऊन पेटवतात. हैबतराव खूश झाले. आयतीच खोड मोडणार होती.

पुतळीने खाडीलगतच्या खाजणातला चिकण चिखल गाडी भरून आणला. याच चिखलाच्या बांधांनी तिचा बाप भरतीचं पाणी अडवायचा. जे समुद्राला पुरून उरतं ते शेकोटीला काय भिणार, असा तिचा हिशोब. छातीएवढी गोल भिंत उभी राहिली, वाळून गुळगुळीत झाली. आत नुसता पालापाचोळा पेटवून पाहिला, तर भिंतीला या टोकापासून त्या टोकापर्यंत भेगा गेल्या आणि ढलपे गळून पडले. कुंपणापलीकडून हैबतरावांचं हसू ऐकू आलं. बापाच्या मातीने गावासमोर दगा दिला म्हणून पुतळीला रडू फुटलं.

धोंडुबाई काठी टेकत आली.

"चुलीला कुनी खाजनातली माती लावतं काय गो? ती पान्याची माती. इस्तवाला वारुळाची लागते."

"आधी का नाय सांगितलात, आत्या?"

"तू इचारलंस कवा?"

त्या म्हातारीने पदर खोचला आणि वारुळाची माती, भाताचा तूस, शेण एकत्र मळायला घेतलं. नवी भिंत वीतभर जाड झाली. आत शिरायला एकच अरुंद वाट, तीही वाऱ्याकडे पाठ करून आणि तिच्यापुढे आणखी एक आडवी भिंत. वर काळुरामने लोखंडी पाइपांवर पत्रा चढवला, धूर जायला पत्र्याखाली फट ठेवली आणि फटीला बारीक जाळी ठोकली. वाटेशी ओल्या वाळूचा ढीग आणि पाण्याने भरलेलं पिंप.

ठरल्या दुपारी वारा सुटला. अख्खं गाव परसात जमलं. तेव्हा पुतळीने उरलेला सगळा पेंढा आणून भिंतीच्या बाहेर चहूकडे पसरला आणि उडू नये म्हणून वर दगड ठेवले.

"अगो, येड लागलं काय? हा पेटला तर ढोरांनी काय खायाचं?" काळुराम ओरडला.

"पेटला तर मलाच तोंड दाखवायला जागा उरनार नाय," ती म्हणाली, आत गेली आणि मडक्याभोवती जाळ लावून बाहेर आली.

जाळ पत्र्याला जाऊन भिडला. ठिणग्या आतल्या आत भिरभिरल्या, जाळीला आपटून विझल्या. बाहेर पेंढा वाऱ्याने सळसळत होता आणि पुतळीचे डोळे त्याच्यावरून हलत नव्हते. जाळ ओसरला. तिने मडक्यावर पाण्याचा हबका मारला, चर्र वाजलं. पोपटी झाली होती आणि पेंढ्याची एक काडीही काळी पडली नव्हती.

मडकं फोडताच वास सुटला. भिंतीला तळवा लावून बघणारे हैबतराव पुढे सरकले. "भिंत चांगली हाय," असं पुटपुटत त्यांनी शेंगांसाठी ओंजळ केली.

पुतळीने टोपली मागे घेतली.

"देते की. पयला मान तुमचाच. पन आधी माझा पेंढा गोला करून माझ्या गोठ्यात टाका. निम्मा मी तुमच्या गोठ्यात नेऊन टाकलाच व्हता."

कुणी हसलं नाही. हैबतरावांनी धोतर खोचलं, खाली वाकले आणि पहिला दगड बाजूला केला.