कॉथॉर्न अँड सनमधला दुसरा मुलगा

आमच्या थॉर्नबेकच्या बाजारपेठेत अर्नेस्ट कॉथॉर्नला त्रेपन्नाव्या वर्षीही सगळे 'धाकटे मालक' म्हणत. थोरले मालक, म्हणजे त्याचे वडील जोसाया, चर्चमागच्या मातीत जाऊन किती वर्षं झाली होती, पण त्याचं काय! पाटीवर 'कॉथॉर्न अँड सन' लिहिलेलं, म्हणजे कॉथॉर्न आणि मुलगा. आणि मुलाला टक्कल पडलं तरी तो मुलगाच. त्यातली खरी मेख अशी, की पाटीवरचा तो मुलगा अर्नेस्ट नव्हताच.

कॉथॉर्नच्या दुकानात कधी घड्याळ तयार झालं असं कुणी सांगितलं तर खुशाल हसा. यंत्र यायचं स्वित्झर्लंडच्या डोंगरातून, चांदीची डबी आणखी कुठून तरी, आणि पांढरी तबकडी भट्टीत भाजतानाच तिच्यावर दुकानदाराचं नाव घालून मागवायचं, ही त्या धंद्यातली रीत. लोक बनवणाऱ्याला ओळखत नसत, विकणाऱ्याला ओळखत. जोसायानं पहिला मुलगा क्लिफर्ड पाळण्यात असतानाच 'कॉथॉर्न अँड सन' नावाच्या तबकड्यांची मागणी पाठवून दिली. एवढी घाई! पोराला अजून मान धरता येत नव्हती आणि त्याचं नशीब भट्टीत भाजून पक्कं झालं होतं. सहा वर्षांनी अर्नेस्ट झाला, तेव्हा 'सन'चं 'सन्स' करायचं कुणाच्या मनातही आलं नाही. तबकड्या ढीगभर पडून होत्या ना.

अर्नेस्टला त्याचं काडीचं दुःख नव्हतं. उलट तो मोकळा होता. ईव्हशॅमला अमोस मामाच्या आलुबुखाराच्या बागा होत्या, आणि मामानं शब्द दिला होता, शाळा संपली की पोरानं माझ्याकडे यायचं. उन्हापावसात राबणारा, धट्टाकट्टा पोरगा; दुकानात दहा मिनिटं बसवला तर खुर्ची करकरायला लागायची.

क्लिफर्ड हुशार. मनगटी घड्याळं गावात त्यानंच आणली. तेव्हा पुरुष खिशात साखळीचं घड्याळ ठेवत, आणि मनगटावर घड्याळ बांधणं म्हणजे बायकी थेर. "काय रे क्लिफ, बांगड्या विकायला काढल्यास?" असं खाटीक रस्त्यापलीकडून ओरडायचा. मग महायुद्ध सुरू झालं. खंदकात एका हातात बंदूक धरून कोण खिसे चाचपत बसणार? तोच खाटीक आपल्या पोरासाठी मनगटी घड्याळ घ्यायला रांगेत उभा राहिला. क्लिफर्ड स्वतः निघाला तेव्हा जोसायानं त्याला चांदीचं एक दिलं, काचेवर जाळीचं झाकण असलेलं.

सतरा सालच्या वसंतात तार आली: क्लिफर्ड बेपत्ता.

"बेपत्ता म्हणजे मेला नव्हे," आई म्हणाली. आईचं नाव एडिथ. तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. "तो येईल. तोवर त्याची खुर्ची गार पडता कामा नये. अर्नी, ती पेटी सोड. तो आला की तू मोकळा."

पेटी ईव्हशॅमसाठी भरून झाली होती. सोळा वर्षांच्या पोरानं ती सोडली, कपडे कपाटात परत लावले, आणि भावाच्या खुर्चीत जाऊन बसला. जोसायानं त्याच्या हातात क्लिफर्डची कोरायची सुई दिली. घड्याळ साफ करून परत देताना कारागिरानं झाकणाच्या आतल्या बाजूला आपली खूण आणि साल कोरायचं, ही त्या धंद्याची दुसरी रीत. गिऱ्हाइकाला ती कधी दिसत नाही. पुढच्या कारागिराला मात्र कळतं, आपल्या आधी कुणाचा हात इथे फिरलाय. क्लिफर्डची खूण म्हणजे मासे पकडायचा छोटासा गळ आणि पुढे दोन ठिपके.

"आजूबाजूचे सगळे कारागीर ही खूण ओळखतात," जोसाया म्हणाला. "तीच चालव. खूण बदलली तर म्हणतील, कॉथॉर्नचा मुलगा गेला."

झालं. अर्नेस्ट भावाच्या खुर्चीत बसून भावाची खूण कोरू लागला. अमोस मामानं दोन हंगाम वाट पाहिली, मग दुसरा पोरगा ठेवला. विनी हार्गेट नावाची चांगली मुलगी होती, तिनं एकदा तोंडावरच विचारलं, "अर्नी, तू माझ्याशी लग्न करणारेस, की भावाची वाट बघत म्हातारा होणारेस?" अर्नेस्ट म्हणाला, "आईला विचारतो." अहो, असं कुणी म्हणतं का! विनीनं खाटकाच्या पोराशी लग्न केलं आणि चांगली जाडजूड, सुखी झाली. पुढे जोसाया गेला, दुसरं युद्ध येऊन गेलं, एडिथबाईंचे गुडघे गेले आणि त्या वरच्या मजल्यावरच्या पलंगाला खिळल्या. काही हवं असलं की काठी जमिनीवर आपटायच्या, ती खाली बरोबर अर्नेस्टच्या डोक्यावर वाजायची. रोज रात्री झोपताना त्यांचं एकच वाक्य: "मागचं दार नुसतं ओढून घे रे. क्लिफर्डकडे किल्ली नाही."

आणि हा मुकाट्यानं दार नुसतं ओढून घ्यायचा. दुकान विकायचं म्हटलं की "क्लिफर्ड आल्यावर काय सांगू?" दोन दिवस ईव्हशॅमला जाऊन येतो म्हटलं की "आणि नेमका आजच आला तर?" कुलूप कधी कुणी लावलं नाही, पण माणूस अडकला तो अडकलाच. मला कधीकधी त्याची चीड यायची. पण आईला तोडून बोलायचं म्हणजे काय, हे ज्यानं केलंय त्यानंच दुसऱ्याला सांगावं.

चोपन्न सालच्या सप्टेंबरात एका मंगळवारी दारावरची घंटा वाजली आणि पस्तिशीची एक बाई आत आली. ग्रिम्सबीहून आले म्हणाली. रुमालातून तिनं चांदीचं मनगटी घड्याळ काढलं, जाळीच्या झाकणाचं.

"बाबांचं आहे," ती म्हणाली. "गेल्या हिवाळ्यात ते गेले, आणि आता हेही बंद पडलंय. ग्रिम्सबीत ढीगभर दुकानं आहेत हो, पण बाबांनी बजावून ठेवलं होतं. म्हणायचे, हे बंद पडलं तर थॉर्नबेकलाच न्यायचं. तिथे माणूस बसलेला असेल."

"बसलेला असेल? असं म्हणाले?"

"हो. तो कुठे जातोय, म्हणायचे." ती हसली. "त्यांचं घड्याळदुरुस्तीचं लहानसं दुकान होतं, गोदीपाशी. जॉर्ज बेल. तुम्ही ओळखत होता का त्यांना?"

"बेल? नाही बुवा," अर्नेस्ट म्हणाला. "हे त्यांनी घेतलं कुठून?"

"एका सैनिकाकडून, म्हणत."

तिला बाजारात फिरून यायला सांगून त्यानं भिंग डोळ्याला लावलं आणि मागचं झाकण उघडलं. आत गळ होता आणि दोन ठिपके. पुढे साल बत्तीस. त्याला वाटलं, हात्तिच्या, हे तर मीच साफ केलेलं, विसरलो असेन. मग खाली एक्केचाळीस दिसलं, त्याखाली पन्नास. पन्नास साल काय विसरण्याइतकं जुनं होतं? त्यानं घड्याळ खिडकीकडे धरलं. गळ उलट्या बाजूला कलला होता. अर्नेस्टनं आयुष्यभर तो उजव्या हातानं कोरला. असा कलता बाक डावखुऱ्याच्याच हातून उमटतो. आणि त्या घरात डावखुरा एकच होता, क्लिफर्ड.

अर्नेस्टच्या मनात वेडंवाकडं बरंच आलं. भाऊ जगला याचा आनंदही झाला, अगदी खरा. आणि लगेच संतापही. सुटलास ना? ग्रिम्सबीला, गाडीनं सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला पोचता येतं तिथे! आणि मी कुठे जातोय, म्हणे!

पण मग त्याला दुसरंच सुचलं. क्लिफर्ड येणार नव्हता. कधीच येणार नव्हता. म्हणजे वाट बघायचंच संपलं, अर्नेस्ट मोकळा होता. फक्त वर जाऊन एवढंच सांगायचं होतं. पण ब्याऐंशी वर्षांच्या बाईला कसं सांगायचं, की तुझा लेक जिवंत होता आणि इतक्या वर्षांत एकदाही तुझ्या दाराशी आला नाही?

घड्याळ मुठीत धरून तो जिना चढला. पलंगावर आई चहात पाव बुडवत बसली होती. त्यानं घड्याळ तिच्या मांडीवरच्या शालीवर ठेवलं.

"ग्रिम्सबीहून आलंय, दुरुस्तीला," एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

एडिथबाईंनी कप खाली ठेवला. जाळीवरून अंगठा फिरवला.

"मुलं किती झाली त्याला?" त्यांनी विचारलं.

अर्नेस्टनं खोलीचं दार लोटून घेतलं.

"तुला माहीत होतं?"

"तार यायच्या आधीचा सोमवार होता. मी धुणं धूत होते, आणि हा मागच्या दारात उभा. चिखलानं माखलेला, थरथरत होता नुसता. पलटणीतून पळून आलेला. धरला असता तर गोळ्याच घातल्या असत्या ना रे! तुझ्या बापाचा कोट दिला, पाव दिला, आणि म्हटलं जा, परत तोंड दाखवू नकोस. तुझ्या बापालासुद्धा सांगितलं नाही."

"ते ठीक होतं. पण युद्ध संपलं, आई. बाबा गेले. मला का नाही सांगितलंस?"

आईनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत लाज नव्हती, रागही नव्हता.

"तू गेला असतास," ती म्हणाली.

तो म्हणाला, "एकच मुलगी. तुझ्यासारखंच नाक आहे." आणि घड्याळ उचलून खाली आला.

मग त्यानं काम केलं. दुसरं काय येत होतं त्याला? यंत्र सुटं केलं, धुतलं, तेल दिलं, जोडलं, आणि घड्याळ चालू लागलं. राहिली खूण. सुई हातात घेऊन त्यानं ठरवलं, आज आपली स्वतःची खूण कोरायची. एक आलुबुखार, देठासकट. गोल काढायला कितीसा वेळ लागतो? त्यानं सुई चांदीवर टेकवली आणि हात चालवला.

वर काठी वाजली. दुधाची वेळ झाली होती.

"आलो, आलो!" अर्नेस्ट ओरडला, आणि भिंगातून झाकणाकडे पाहिलं. तिथे ताजा कोरलेला गळ होता आणि पुढे दोन ठिपके.