माझ्याऐवजी झालेले संचालक

मोठ्या पदावर बसलेल्यांचे किस्से त्यांच्याकडे कधीच नसतात. ते साठतात दाराबाहेरच्यांकडे. केबिनमधल्या माणसाला फोन असतात, मंत्रालय असतं, सत्कार असतात. बाहेरच्याला काय, बघत बसायचं. परळच्या आमच्या सरकारी आरोग्य खात्यात मी नोकरीची शेवटची कितीतरी वर्षं संचालकांच्या शेजारच्या खोलीत काढली, उपसंचालक म्हणून. मधली भिंत प्लायवूडची होती, त्यामुळे माझ्याकडचा साठा जरा जास्तच आहे.

आता आम्ही रिटायर झालेले चार-पाच जण शनिवारी सकाळी माटुंग्याला कॉफीला जमतो. कोणीतरी म्हणतंच, "नलू, संचालकांचं सांग ना काहीतरी." मी सांगते, सगळे हसतात, मीही हसते. पण यातल्या एकेकावर मी मनापासून जळलेली आहे, हे आधीच सांगून ठेवते.

*

डॉ. दिघे मीटिंगमध्ये झोपायचे. डुलकी नव्हे, झोप. समोरच्याचं बोलणं संपत आलं की डोळे उघडायचे आणि गंभीर आवाजात विचारायचे, "ते ठीक आहे, पण कोल्ड चेनचं काय?"

लस कारखान्यातून निघाल्यापासून दंडात टोचेपर्यंत थंड राहिली पाहिजे, त्या व्यवस्थेला कोल्ड चेन म्हणतात. तिच्यात कुठे ना कुठे लोचा असतोच. त्यामुळे समोरचा दचकायचा, कागद चाळायला लागायचा, आणि दिघे पुन्हा डोळे मिटायचे. लोक बाहेर येऊन म्हणायचे, "साहेबांच्या नजरेतून काही सुटत नाही."

मला वाटलं, हे आपल्यालाही जमेल. एकदा दिघे आजारी होते म्हणून मंत्रालयात मी गेले. विषय लेप्टो, म्हणजे उंदरांमुळे पसरणारा ताप. दुपारची वेळ, एसी मस्त चालू. माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते. मी घसा साफ केला आणि म्हटलं, "ते ठीक आहे, पण कोल्ड चेनचं काय?"

सचिव म्हणाले, "मॅडम, उंदीर फ्रीजमध्ये ठेवायचेत का?"

पुढच्या मीटिंगला दिघे स्वतः गेले. तोच विषय, तीच झोप, तोच प्रश्न. सचिवांनी मान डोलावली आणि शेजारच्याला म्हणाले, "बरोबर आहे. रक्ताचे नमुने. लिहून घ्या."

*

दिघ्यांनंतर डॉ. वाझ आल्या. गिरगावातल्याच, आमच्या चाळीपासून दोन गल्ल्या सोडून त्यांची वाडी. ख्रिश्चन कुटुंब, पिढ्यान् पिढ्या मुंबईतलं. आईला याचं फार कौतुक. "ती आपल्याच इथली. तीसुद्धा झाली," असं ती मला जेवायला वाढताना सांगायची.

त्या वर्षी वरळीच्या कोळीवाड्यात मलेरिया वाढला होता आणि लोक घरात फवारणी करू देत नव्हते. मोहीम माझ्याकडे होती. मी पोस्टर छापले, भोंगा घेतला, मराठीत आणि हिंदीत भाषणं केली. दारं बंदच. एका कोळीणबाईने खिडकीतून सांगितलं, "डाक्टरीनबाय, घसा बसंल तुमचा."

डॉ. वाझ आल्या त्या थेट बाजाराच्या कट्ट्यावर जाऊन बसल्या. बोंबलांच्या पाटीत हात घातला, एक उचलला, वास घेतला आणि भाव करायला लागल्या. भाव चांगला रंगला. आजूबाजूच्या बायका जमल्या. शेवटी वाझबाई म्हणाल्या, "सगळी पाटी घेते. पण आधी तुझ्या घरात औषध मारू दे. तुला ताप आला तर उद्या मी मासे कोणाकडून घेऊ?"

संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीत फवारणी झाली.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. मधोमध वाझबाई, हातात बोंबील. कडेला कोणाचं तरी अर्धं कोपर. आईने तो फोटो कापून ठेवला आणि चाळीत दारोदार दाखवला, "हे कोपर आमच्या नलूचं."

*

डॉ. सामंत मात्र बाहेरून आले. उंच, गोरे, कॅमेऱ्यासमोर कुठला खांदा पुढे करायचा ते पक्कं माहीत. आल्या आल्या त्यांनी डेंग्यूची मोहीम काढली, मला तिची प्रमुख केलं आणि टीव्हीवाल्यांना घेऊन आम्ही लालबागच्या एका चाळीच्या गच्चीवर गेलो.

मी टॉर्च घेऊन पिंपांत डासांच्या अळ्या शोधत होते. सामंत फोटोसाठी टाकीच्या शिडीवर चढले. वरून हात हलवला, पाय सटकला, खाली आले. पाय मोडला.

मला त्याच गच्चीवर डास चावला असणार. आठवड्याभरात डेंग्यूने आडवी झाले.

सामंतांना भेटायला मंत्री आले. प्लास्टरमधल्या पायाचे फोटो छापून आले, खाली "कर्तव्य बजावताना जखमी". हाड जुळायच्या आत त्यांना दिल्लीला बढती मिळाली आणि तिथून ते जिनिव्हाला गेले. अजून दिवाळीला बर्फाच्या डोंगरांचे फोटो पाठवतात ग्रुपवर.

मी बरी होऊन कामावर आले तर टेबलावर मेमो. "डेंग्यू प्रतिबंधक मोहिमेच्या प्रमुखांनाच डेंग्यू होणे ही बाब खात्यास शोभणारी नाही. खुलासा करावा."

खाली सही सामंतांची. जायच्या आदल्या दिवशी केलेली.

*

मग जागा रिकामी झाली आणि या वेळी ती माझीच, असं सगळे म्हणत होते. इंटरव्ह्यूला दोघीच, मी आणि माधवी. माधवी माझी कॉलेजची मैत्रीण. एकाच बाकावर शिकलो, एकाच महिन्यात खात्यात लागलो, दादरला साड्या घ्यायलासुद्धा बरोबर जायचो. त्या दिवशीही बाहेर बाकावर शेजारी शेजारी बसलो होतो. तिच्या पदराची पिन तुटली तेव्हा मी माझ्या पर्समधली दिली.

आधी मी आत गेले. सगळी उत्तरं चोख. शेवटी त्यांनी विचारलं, "तुमच्यातला एखादा दोष सांगा." मी म्हटलं, "मी फार स्पष्ट बोलते." अध्यक्ष म्हणाले, "हो, ते आलं लक्षात."

मग माधवी गेली. आतून हसण्याचा आवाज आला. माझ्या वेळी कोणी हसलं नव्हतं.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "दोष विचारला का गं?"

"विचारला."

"काय सांगितलंस?"

"सांगितलं की मला नलूशिवाय काम जमत नाही. ते म्हणाले, कोण नलू? म्हटलं, बाहेर बाकावर बसलीय ती."

ऑर्डर माधवीची निघाली. पेढे वाटताना पहिला पेढा तिने मला भरवला आणि मी तो खाल्ला. माझं नाव घेऊन माझी जागा घेणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

*

माधवी संचालक झाल्यावर दुसऱ्या उन्हाळ्यात शिवडीला जुलाब-उलट्यांची साथ आली. गोदीतले हमाल, गोदामांतले लोक, लहान मुलं. दोन मुलं दगावली. मी घराघरात फिरले. कोणी काय खाल्लं, कुठलं पाणी प्यायलं, विचारत राहिले. गोळेवाला, उसाचा रसवाला, सरबतवाला, सगळ्यांकडे बर्फ एकाच कारखान्यातून येत होता. नमुने तपासले. घाण पाणी गोठवून विकत होते.

मी रिपोर्ट लिहिला, कारखाना बंद करण्याची शिफारस केली आणि माधवीच्या टेबलावर ठेवला. मालकाची ओळख फार वरपर्यंत होती, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

दुपारी भिंतीपलीकडे फोन वाजला. माधवी म्हणत होती, "हो सर. समजलं सर. रिपोर्ट कोणाचा ते बघते सर."

मग तिने मला बोलावलं. "नलू, उद्यापासून रजेवर जा."

"कशासाठी?"

"तुझ्या आईला बरं नाही."

"आई ठणठणीत आहे."

"तरी जा. आत्ताच अर्ज दे."

ती फाइलमधून मान वर करेना. मी अर्ज दिला आणि गिरगावला आईकडे गेले. आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला बरं नाही म्हणून का होईना, आलीस."

दुसऱ्या दिवशी टीव्ही लावला तर माधवी. शिवडीच्या कारखान्याला तिच्यासमोर टाळं लागत होतं आणि ती बर्फाचं सगळं समजावून सांगत होती. शब्द माझे होते. काही वाक्यं तर जशीच्या तशी. रिपोर्टवर नाव मात्र फक्त तिचं. मी फोन केले, तिने उचलले नाहीत.

आठवडाही झाला नसेल, तिची बदली झाली. एका ट्रेनिंग सेंटरला, जिथे वर्षानुवर्षं कोणाचं ट्रेनिंग झालेलं नव्हतं. चार्ज कोणाला द्यायचा असा प्रश्न वर निघाला तेव्हा कोणीतरी म्हणालं, "त्या उपसंचालक बाई रजेवर होत्या ना? त्यांचं नाव कशातच नाही. त्यांना द्या."

अशी मी संचालक झाले. प्रभारी.

माधवी निघाली त्या दिवशी शिवडीहून टेम्पो भरून माणसं आली. बायका, पोरं, गोदीतले हमाल. कोणी हार आणला, कोणी नुसतेच उभे राहिले. एक आई तिचा हात सोडेना. मी जिन्यात उभी राहून बघत होते आणि खरं सांगते, मला तिच्या बदलीचाही हेवा वाटला.

कारखाना पुन्हा उघडण्याची फाइल माझ्याकडे यायची. मी दर वेळी नवीन तपासणी काढून परत पाठवायचे. फोन यायचे. मी "हो सर, समजलं सर" म्हणायचे.

एका दुपारी डबा घेऊन माधवीकडे गेले. मोठा हॉल, रिकामी बाकं, वर एकच पंखा चालू आणि खाली ती. आम्ही जेवायला बसलो. तिने माझ्या डब्यातली भरली वांगी स्वतःच्या पोळीवर घेतली, विचारलंही नाही.

"कारखाना?"

"बंद आहे."

"बरं."

थोड्या वेळाने मी म्हटलं, "माधवी, मला रजेवर का पाठवलंस?"

ती पोळीचा तुकडा मोडत होती. म्हणाली, "ती केबिनमधली खुर्ची कशी आहे गं?"

"डावीकडे झुकते."

तिचा हात थांबला. "तुलाही?"

"हो. का?"

"काही नाही," ती म्हणाली. "मला इतके दिवस वाटत होतं, माझंच बसायचं चुकतंय."