तात्यांच्या रानातली हरळी

आमच्या सासऱ्यांच्या रानात आज जी हरळी आहे, ती मी पेरली. रीतसर मशागत करून, वर पाणी देऊन!

कागलजवळच्या गावी तात्यांचं (म्हणजे सासऱ्यांचं) तीन गुंठे माळव्याचं, भाजीपाल्याचं रान आहे. भाजी काय, कुणाचीही पिकते. तात्यांची मिजास वेगळीच. तीस वर्षांत त्या रानात तण टिकलं नाही. मागं त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी दीड महिना धुळीत जायला बंदी केली. रान सांभाळणार कोण? मी कोल्हापुरात हायस्कुलात जीवशास्त्र शिकवतो. सुट्टी होती. नसता आगाऊपणा केला, म्हटलं, मी बघतो.

"जावईबापू," डोळ्याला पट्टी बांधलेले तात्या म्हणाले, "कोपऱ्यात मूठभर हरळी आल्या. तिला तेवढा हात लावू नगासा. मी कुदळीनं मुळासकट काढतो."

मूठभर गवताला कुदळ! मी भाड्यानं माती घुसळणारा छोटा रोटर आणला आणि अख्ख्या रानात उभाआडवा फिरवला. हरळीचा पार भुगा! वांग्याची रोपं लावली, पोटभर पाणी सोडलं.

पंधरा दिवसांत रान हिरवंगार. त्यात वांगी शोधावी लागत होती.

"अहो," बायको म्हणाली, "तुकड्या-तुकड्याला फुटवा येतो, हे तुम्हीच दहावीला शिकवता ना?"

शिकवतो. शाकीय प्रजनन. वीस वर्षं, आकृतीसह. पण फळ्यावरची हरळी वाढत नाही हो!

मग दोघं उपटायला बसलो. ओढली की वरचं हातात, खालचं जमिनीत. चार दिवसांत माझी कंबर गेली. निघाली तेवढी उकिरड्यात टाकली, खत होईल म्हणून. लगेच शेजारचे बंडूकाका बांधावरनं ओरडले, "ओ मास्तर! त्यातलं खत आमच्याबी रानात जातंय की! गावाला हरळी वाटतायसा व्हय?"

पुन्हा उकिरड्यातून वेचून काढली (त्या वासाबद्दल मी बोलणार नाही) आणि बांधावर वाळत घातली. दुसऱ्या दिवशी वळीव आला. आठवड्यात बांधही हिरवा! शेवटी तणनाशक मारलं. वांगी दोन दिवसांत मेली. हरळी जराशी पिवळी पडली, चार दिवस विश्रांती घेतली आणि पुन्हा कामाला लागली. मला मात्र विश्रांती नव्हती.

तेवढ्यात तात्यांची बंदी उठली. त्या माणसानं तीस वर्षं वाकून राखलेलं रान मी दीड महिन्यात घालवलं होतं. मनापासून वाईट वाटत होतं.

तात्या बांधावर उभे राहिले.

"नव्या डोळ्यानं पयलं ह्येच बघायचं हुतं व्हय?"

"चुकलं तात्या. तुम्ही हात लावू नका म्हणाला होता."

"मग तुमी कुठं हात लावलाय? यंत्र लावलंय की!"

त्याला आता दोन वर्षं होतील. दर रविवारी सकाळच्या एसटीनं जातो, ओळीनं खणतो, दुपारी कंबर धरून परत येतो. हरळी आहे तिथंच आहे.

मध्ये धोंड्याचा महिना येऊन गेला. मला पाटावर बसवलं, ओवाळलं, तेहतीस अनारशांचं ताट पुढं ठेवलं. आहेरात मागच्या खेपेला चांदीची वाटी होती. या वेळी लोहाराकडनं मुद्दाम करून घेतलेलं खुरपं! सगळं घर हसलं. मीही हसत हसत मूठ धरून बघितली.

लग्नापासून मिळालेल्या सगळ्या आहेरांत माझ्या मापाची निघालेली ती पहिलीच वस्तू.