रंभाने वाढवलेल्या वाटा

गडबच्या भातशेतकऱ्याची लेक रंभा लग्न होऊन रोह्याजवळ वरसे गावी आली आणि नव्वदीच्या दशकात तिथल्याच एका रंगाच्या कंपनीत कॉम्प्युटरवर कामाला लागली. पेणच्या रामवाडीपासून शिफ्टची माणसं आणणाऱ्या गाड्या सदा उशिरा पोचत. त्यांचे नवे मार्ग आखायचं काम मॅनेजर दिनानाथ यांनी तिच्यावर सोपवलं.

रंभाने निसर्गाकडून, जिवांच्या पिढ्या बदलत जातात त्यातून, घेतलेली रीत धरली. आधी कॉम्प्युटरकडून मार्ग डोळे झाकून, कसेही जुळवून घ्यायचे. त्यांतले बरे तेवढे तगवायचे, दोन मार्गांचे तुकडे जोडून नवे जन्माला घालायचे, मधूनच एखाद्यात उगाच बदल करायचा. अशी पिढीमागून पिढी. मशीन दिवसभर घरघरत राही. पंख्याखाली तिचे डोळे पेंगुळत आणि पडद्यावरच्या रेघा खाडीत शिरणाऱ्या भरतीसारख्या दिसू लागत. फाटे फुटत, काही कुठेतरी जिरून जात. आपण काही आखत नाही, नुसतं वाढू देतोय, असं तिला वाटे.

पण बरं कशाला म्हणायचं, हे मशीनला माणसानेच सांगायचं असतं. एका सकाळी माहेराहून परस्पर कामावर येताना डोंगराकडच्या वाडीतल्या कमळी आणि भागी तिला एसटी गाठायला रस्त्याच्या कडेने चालताना दिसल्या. दोघी कंपनीतच ठेक्यावर पॅकिंग करत. ठेक्याच्या माणसांना गाडी नव्हती. रंभाने कामावर जाऊन त्यांची वाडी थांब्यांत घातली आणि सगळ्या पिढ्या पहिल्यापासून वाढवल्या.

शेवटी जो मार्ग उरला, तो कुणाच्या ध्यानीमनी नसलेल्या मागच्या रस्त्याने जात होता. ती तो कागदावर काढून दिनानाथ साहेबांकडे गेली. ठेक्याची माणसं आपल्या हिशेबात येत नाहीत, असं ते म्हणाले.

"त्यांना घेऊनसुद्धा जुन्यापेक्षा जवळचा पडतो, साहेब," रंभा म्हणाली.

त्यांनी कागदावरचे किलोमीटर स्वतः मोजून पाहिले. मग म्हणाले, "चालवून बघू."

पहिल्या दिवशी मार्ग बघायला रंभा रामवाडीपासूनच गाडीत बसली होती. गाडी वाडीपाशी थांबली. कमळी रंभाशेजारी येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "ही वाट कुणी काढली गो, बाय?"

"कुणी नाय. वाढली ती."

कमळीला ते पटल्यासारखं झालं. नागोठणं यायच्या आत तिला झोप लागली.

आता रंभा निवृत्त झाली आहे. तिची भाची मैना पुण्यात असलेच प्रोग्रॅम करते. परवा ती सांगत होती, आता प्रोग्रॅमच दुसरे प्रोग्रॅम वाढवतात. पुढेमागे बरं काय, वाईट काय, हेही तेच शोधतील. रंभाने ते मन लावून ऐकलं. दुपारी डोळा लागला तेव्हा तिला डोंगरभर आपोआप उगवणाऱ्या वाटा दिसल्या. प्रत्येकीच्या टोकाला कुणीतरी उभं होतं, आणि कुणी सुटू नये म्हणून ती एकेकाचं नाव विचारत चालली होती.