बेबाबाईच्या चाळीस मेंढ्या

बेबाबाई ठेलारीला मी पहिल्यांदा पाहिलं ते १९८९ च्या वैशाखात, आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन चार दिवस झाले होते तेव्हा. पारोळ्याच्या पुढे एका गावातल्या गुरांच्या दवाखान्यात मी ड्रेसर होतो. जखमा धुणं, जनावर धरणं, सुया उकळणं हे माझं काम. आमचे अहिरराव डॉक्टर पुण्याहून एक नवं प्रशिक्षण घेऊन आले होते आणि त्यांना एक कळप हवा होता.

त्यांचं म्हणणं असं. मेंढ्या कधीही माजावर येतात, कधीही वितात. आज दोन, आठवड्याने एक. कोकरं लहान-मोठी होतात, वाटेत जन्मलेली वाटेतच जातात. पण मेंढीच्या अंगात चौदा दिवस औषधाचा एक छोटा स्पंज ठेवला, मग तो काढून इंजेक्शन दिलं, की दोन दिवसांत सगळ्या मेंढ्या एकदम माजावर येतात. पाच महिन्यांनी सगळ्या एकाच आठवड्यात वितात.

दवाखान्यात जमलेल्या मेंढपाळांनी हे ऐकून घेतलं आणि उठून गेले. एकटी बेबाबाई बसून राहिली. चाळिशीची, उन्हाने काळवंडलेली, अंगावर हिरवं लुगडं. नवरा तीन वर्षांपूर्वी काविळीने गेला होता. नव्वद मेंढ्यांचा वाडा, म्हणजे मेंढपाळाचा फिरता मुक्काम, ती एका म्हाताऱ्या गड्याच्या मदतीने चालवत होती. वाटेत विणाऱ्या मेंढ्यांनी तिला टेकीस आणलं होतं. आदल्या साली अकरा कोकरं चालत्या कळपात दगावली होती.

डॉक्टरांनी तिथंच वही काढली आणि पुढच्या सोमवारपासून चाळीस मेंढ्यांवर सुरुवात करू म्हणाले. बेबाबाईने बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं आणि मान हलवली.

"डाक्टरसाहेब, पाच महिना नंतर आम्ही कथा राहसूत, ते तुम्ही ईचारं नही."

पाच महिन्यांनी वाडा कुठे असेल, हे खरंच कोणी विचारलं नव्हतं. ती सांगत गेली. आता सुरुवात केली तर दिवाळीच्या तोंडावर कोकरं येतील, आणि दिवाळी झाली की वाडा उठतो, पूर्वेकडे चालू लागतो. आठ दिवसांचं कोकरू काय चालणार? आणि चाळीस कोकरं सामानाच्या घोडीवर मावत नाहीत. त्यापेक्षा पोळा झाल्यावर करा. मग महाशिवरात्रीच्या आसपास वितील. तेव्हा वाडा रावेरकडे असतो, तापीच्या पलीकडे. तोताराम महाजनांच्या शेतात खतासाठी मेंढ्या पंधरा-वीस दिवस एका जागी बसतात. थंडी सरलेली असते, ऊन चढलेलं नसतं, पाटाला पाणी असतं.

डॉक्टरांनी वहीतलं पान फाडलं आणि पोळ्यानंतरची तारीख लिहिली. ते नंतर मला म्हणाले की पुण्यात तीन आठवडे शिकलो, हे कोणी सांगितलं नाही.

पोळा झाला. गाभण नसलेल्या चाळीस मेंढ्या बेबाबाईनेच निवडल्या. मी मेंढी धरायचो, डॉक्टर नळीने स्पंज आत ठेवायचे, बाहेर फक्त एक दोरा लोंबायचा. चौदा दिवसांनी दोरा ओढून स्पंज काढले आणि प्रत्येकीला इंजेक्शन दिलं. हे औषध गाभण घोडीच्या रक्तातून काढतात, असं डॉक्टर बोलून गेले. बेबाबाईने बाजूला चरणाऱ्या आपल्या घोडीकडे बघितलं आणि विचारलं, तिला त्रास होतो का रक्त काढताना? डॉक्टरांना ते ठाऊक नव्हतं आणि त्यांनी तसं सांगितलं.

मग ती म्हणाली की मेंढे कमी पडणार. तिच्याकडे तीन होते. एरवी नव्वद मेंढ्यांना तीन पुरतात, कारण त्या हळूहळू माजावर येतात. चाळीस एका दिवशी आल्या तर तीन मेंढे काय करतील? डॉक्टरांनी पुस्तकात पाहिलं. तिचं बरोबर होतं. आणखी तीन तरी मेंढे हवे होते, आणि हातात दोन दिवस होते.

जवळपास चांगले मेंढे एकाच माणसाकडे होते, पुनाकडे. पुना म्हणजे तिचा धाकटा दीर. भाऊ गेल्यावर कळप दोघांत वाटला गेला तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं. शिवाय पुना चारचौघांत म्हणायचा की या औषधाने मेंढ्या वांझ होतील आणि वहिनी कळप घालवून बसेल.

ती गेली. मीही सोबत होतो, डॉक्टरांनीच पाठवलं होतं. पुना झाडाखाली लोकर कातरत बसला होता. बेबाबाई उभ्यानेच बोलली. तीन मेंढे पाहिजेत, तीन दिवस. बिघडलं तर दोष माझा, मेंढे तुझे तसेच परत येतील. पुनाने हातातली मेंढी पुरी कातरली. मग कात्री पुसली.

"मना मेंढा लई जा. पन मी बी संगे येसू."

मेंढे घेऊन तो आला आणि तीन दिवस बांधावर बसून राहिला. दुसऱ्या सकाळी मेंढ्या माजावर आल्या, एकीमागून एक, दुपारपर्यंत बहुतेक सगळ्या. पुना बघत होता. संध्याकाळी एक मेंढा दमलेला दिसला तेव्हा स्वतः उठून त्याला बाजूला घेतलं आणि दुसरा सोडला.

फेब्रुवारीत डॉक्टर आणि मी यष्टीने रावेरला गेलो. तोताराम महाजनांच्या केळीच्या बागेपलीकडे रिकाम्या रानात वाडा बसला होता. चाळीसपैकी एकतीस गाभण राहिल्या होत्या. पहिल्या दिवशी पाच व्यायल्या, डॉक्टर खुशीत होते. दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून दुपारपर्यंत सतरा व्यायल्या.

तसा गोंधळ मी पुन्हा पाहिला नाही. ओली कोकरं जमिनीवर, मेंढ्या एकमेकींचीच चाटताहेत, एक मेंढी दोन घेऊन बसली आणि दुसरी आपलं टाकून चरायला निघाली. वास मिसळले होते. डॉक्टर एकाची नाळ बघेपर्यंत तिसरीकडे दुसरं पडत होतं. ते मला हळूच म्हणाले, मगन, हे आपण घडवलंय.

बेबाबाई ओरडली नाही. तिने महाजनांच्या माणसांकडून वाळलेल्या तुरीच्या काड्या मागवल्या आणि छोटे-छोटे आडोसे उभे करायला लावले, एकेका मेंढीपुरते. मग ती कळपात फिरली. कोकरू उचलायची, त्याच्या कानाकडे, पाठीच्या रंगाकडे बघायची, आणि नेऊन एका मेंढीपुढे ठेवायची. मेंढी हुंगायची आणि चाटायला लागायची. तोताराम महाजनांच्या घरातून त्यांच्या पत्नी कुंदाबाई गुळाचं कोमट पाणी बादलीने आणत होत्या. तरी हात कमीच पडत होते.

दहाच्या सुमाराला बांधावरून पुना येताना दिसला, मागे त्याची बायको सोनीबाई. त्यांचा वाडा दोन कोसांवर होता. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. त्याने पागोटं काढून एका खुंटाला अडकवलं, बाह्या वर केल्या आणि वहिनीला फक्त विचारलं, कुठून धरू?

एका मेंढीचं कोकरू मेलेलं जन्मलं. शेजारीच एकीला जुळी झाली होती, त्यातलं एक दूध मिळेना म्हणून गळाठलं होतं. बेबाबाईने मेलेल्या कोकराच्या अंगचा चिकटा त्या जुळ्याच्या अंगाला चोळला आणि ते कोकरू गेलेल्या मेंढीपुढे ठेवलं. मेंढीने दोनदा ढुशी दिली. बेबाबाई तिथंच मांडी घालून बसून राहिली, सोनीबाईने दिलेली भाकर खात. बऱ्याच वेळाने मेंढीने कोकराला सडाला येऊ दिलं.

पाच दिवसांत चौतीस कोकरं झाली. एकतीस वाचली. त्यांतलं एकही कोकरू बेबाबाईच्या वाड्याने त्या वर्षी चालताना गमावलं नाही.

पुढे धुळ्याला मेंढपाळांचा मेळावा भरला तेव्हा डॉक्टरांनी तिला बोलायला उभं केलं. तिने औषधाची तारीफ केली नाही, निंदाही केली नाही. एवढंच म्हणाली, "बठ्ठा कोकरं एकच येळे उनात, ते हातबी तितलाच लागतस." सगळी कोकरं एकदम येणार तर माणसंही तेवढीच हवीत, असं बजावून तिने तारीख कशी धरायची ते सांगितलं आणि खाली बसली. डॉक्टरांनी आपल्या अहवालात मेंढ्यांच्या संख्येखाली दोन ओळी वाढवल्या, मेंढे किती आणि माणसं किती.

ब्याण्णव साली डॉक्टरांची बदली झाली आणि स्पंज येणं थांबलं. बेबाबाईने आपली वाट काढली. आपले मेंढे ती दोन महिने मेंढ्यांपासून दूर, पुनाच्या वाड्यात ठेवायची आणि पोळा झाला की सगळे एकदम कळपात सोडायची. औषधासारखं दोन दिवसांत जमत नसे, पण तीन आठवड्यांत बऱ्याच मेंढ्या माजावर यायच्या आणि कोकरं रावेरलाच व्हायची. नंतरच्या साहेबांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, हेही पुस्तकात आहे.

शेवटची भेट पहूरच्या बाजारात, सत्त्याण्णव साली. केस पिकले होते. सोबत पुना होता, दोघांचे वाडे आता एकत्र चालत होते. तिने डॉक्टरांची चौकशी केली, ते कुठे असतात, मुलींची लग्नं झाली का. मी म्हणालो, अक्का, थोडं बसा, चहा घेऊ. ती म्हणाली, मेंढ्या पाण्यावर न्यायच्यात, पुढच्या वेळी. आणि दोघं वाघूर नदीच्या बाजूला निघून गेले.